मामाची बेकरी आणि अर्नेस्ट सॉल्व्हे

मी दौंडचा. मे महिन्यात मुक्काम शिरूरला, मामाच्या बेकरीत. मागच्या सुट्टीत बिस्किटात घालायच्या अमोनियाची, म्हणजे अमोनियम बायकार्बोनेटची, पिशवी मी रात्री भट्टीशेजारी उघडीच ठेवली. सकाळी खोलीत शिरलो तर डोळ्यांतून धारा! वजन केलं तर चांगलीच घट. ही पावडर ३६ अंशांच्या आसपासच अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होऊन उडायला लागते. मामाची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

याच निसटत्या अमोनियाने सॉल्व्हेला छळलं होतं. बेल्जियममध्ये १८३८ साली जन्म. आजारपणामुळे युनिव्हर्सिटी हुकली (आम्ही धडधाकट असून लेक्चर बुडवतो, असो!). एकविसाव्या वर्षी तो नातेवाइकाच्या गॅस कारखान्यात लागला. मिठाच्या पाण्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड सोडला की तळाशी खायचा सोडा बसतो, हे त्याला तिथे उमगलं. १८६१ मध्ये पेटंट. मग कळलं, की ही रिॲक्शन इतरांना आधीच ठाऊक होती. पण महागडा अमोनिया वाया जाई आणि धंदा बुडे. १८६३ मध्ये त्याने भाऊ आल्फ्रेडसोबत कंपनी काढली. यंत्रं बिघडत, पैसा आटत चालला, तरी गडी हटला नाही. बंद, उंच टॉवर उभारला: वरून अमोनियाचं खारं पाणी, खालून गॅस. वापरलेला अमोनिया चुन्याने सोडवून पुन्हा कामाला. पुढे गडगंज झाला, १९११ मध्ये आइन्स्टाइन, मेरी क्युरींना ब्रसेल्सला एकत्र बसवलं. १९२२ मध्ये गेला.

मामाकडे आता पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात असते, भट्टीपासून लांब, चुन्यापासूनही लांब. डबा उघडायचा तो खिडकी उघडून. चावी मात्र मामीकडे, माझ्याकडे नाही.