दादोबा पांडुरंग : एका व्याकरणकाराचा धर्मशोध

मराठीच्या अभ्यासकाला दादोबा पांडुरंग तर्खडकर प्रथम भेटतात ते व्याकरणाच्या दाराशी. 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' हा त्यांचा ग्रंथ १८३६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. पुढे हयातभर ते या ग्रंथाच्या आवृत्त्या सुधारीत राहिले आणि मराठीचे पाणिनी ही पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. या कीर्तीच्या छायेत त्यांच्या आयुष्याचे दुसरे अर्धे अंग झाकले गेले. परमहंस सभेचा उल्लेख आला की दादोबांचे नाव घ्यायचे आणि लगेच ती सभा गुप्त होती, म्हणून ती माणसे कचखाऊ होती, असा शेरा मारून प्रार्थना समाजाकडे वळायचे, ही आपल्या वाङ्मयेतिहासांची रूढ वाट आहे. हा शेरा सर्वस्वी खोटा नाही. परंतु तो फार लवकर मारला जातो. एका बुद्धिमान माणसाने साठाहून अधिक वर्षांच्या आयुष्यात वैष्णव भक्ती, इस्लामी दरबाराचा शेजार, ख्रिस्ती मिशनऱ्यांचा वादविवाद, निखळ बुद्धिवाद आणि अखेरीस एका स्वीडिश द्रष्ट्याचे गूढ तत्त्वज्ञान यांपैकी प्रत्येकाशी मनातल्या मनात तडजोड कशी केली, किंवा करण्याचे कसे नाकारले, हा प्रश्न त्या शेऱ्याने सुटत नाही.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईस झाला. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खडचे, व्यापारी पेशाचे. घरातील वातावरण वैष्णव भक्तीचे. वडिलांचे नाव पांडुरंग, आईचे यशोदा. ही दोन नावे पुढे एका ग्रंथाच्या शीर्षकात एकत्र आली, त्याकडे नंतर येऊ. तीन भावांपैकी दादोबा थोरले. भास्कर पांडुरंग हे त्यांच्या पाठचे. इंग्रजी राजवटीतील लुटीवर १८४१ साली 'बॉम्बे गॅझेट'मध्ये त्यांनी 'ए हिंदू' या सहीने जी जळजळीत पत्रे लिहिली, ती आज हिंदी राष्ट्रवादाच्या आरंभीच्या लेखनात मोजली जातात. तिसरे आत्माराम पांडुरंग. ते डॉक्टर झाले आणि १८६७ साली प्रार्थना समाजाची स्थापना करणाऱ्यांत अग्रभागी राहिले. मोठ्या दोघा भावांनी आपले सर्वांत धारदार विचार स्वतःचे नाव न घालता मांडले, ही गोष्ट योगायोगाची मानता येत नाही. त्या काळच्या मुंबईत विचार करणे सोपे होत चालले होते. त्या विचाराखाली सही करणे मात्र तितकेच महाग होते.

व्याकरण लिहून झाल्यावर काही काळ दादोबा माळव्यातील जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक होते. हा कालखंड चरित्रकार सहसा दोन ओळींत उरकतात. तरी मुंबईच्या वैष्णव घरातून आलेला तरुण एका मुसलमान संस्थानिकाला शिकवतो, त्याच्या दरबारात वावरतो, हा अनुभव पुढील विचाराच्या दृष्टीने क्षुल्लक म्हणता येणार नाही. मानवजातीची जात एकच, असे पुढे जे त्यांनी तत्त्व म्हणून मांडले, त्याच्या मागे केवळ इंग्रजी पुस्तके होती असे समजण्याचे कारण नाही.

खरी घुसळण सुरतेस झाली. तेथील सरकारी शाळेत ते शिक्षक म्हणून गेले ते दशक धर्मांतरांच्या खळबळीचे होते. १८३९ साली मुंबईत पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. १८४३ साली श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाला मिशनऱ्यांच्या घरून परत आणल्यावर जातीत घ्यायचे की नाही, यावर सारे शहर दुभंगले. बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानाला त्यासाठी केवढा मनस्ताप सोसावा लागला, हे सर्वश्रुत आहे. सुशिक्षित तरुणापुढे तेव्हा दोनच दारे दिसत होती. एक, मूर्तीवर आणि पुराणांवर विश्वास उरलेला नसतानाही जुन्या घरात निमूटपणे राहायचे. दुसरे, ख्रिस्ती व्हायचे. दादोबांना दोन्ही नको होते. मिशनऱ्यांनी पुराणांवर जे आक्षेप घेतले ते त्यांना पटले. परंतु तीच कसोटी बायबलला लावली असता तेथेही चमत्कार आणि स्वयंप्रमाण ग्रंथ उभे राहतात, हे ओळखण्याइतके ते तर्ककठोर होते. दुसऱ्याच्या ग्रंथाविषयी शंका घेऊन आपला ग्रंथ शंकेपलीकडे ठेवणाऱ्या कोणत्याही पक्षाशी त्यांचे जमणे शक्य नव्हते.

सुरतेत १८४३ च्या सुमारास त्यांनी 'धर्मविवेचन' लिहिले. ईश्वर एक आहे आणि तोच उपास्य आहे; खरा धर्म प्रेम आणि सदाचार यांवर उभा असतो; मनुष्यमात्राची जात एक; प्रत्येकाला विचाराचे स्वातंत्र्य असावे; आचार विवेकाशी जुळणारा असावा; ज्ञान सर्वांना मिळावे. साधारणतः असा त्यातील तत्त्वांचा आशय आहे. येथे मला व्याकरणकार दिसतो. व्याकरणकार बोलींची निंदा करीत नाही. देशोदेशीच्या आणि जातीजातींच्या उच्चारांतील फरक मान्य करूनही तो खाली असलेली रचना शोधतो. दादोबांनी धर्मांकडे तसेच पाहिले. माथेरानच्या पठारावर पिसारनाथाचे देऊळ आहे आणि इंग्रजांनी बांधलेले सेंट पॉलचे चर्चही आहे. कोणी कोणाच्या वाटेत येत नाही आणि कोणी कोणाला काही विचारतही नाही. शेजार म्हणजे समन्वय नव्हे. दादोबांचे समाधान अशा शेजाराने होणारे नव्हते. त्यांना सर्वांखालचा एक धातू हवा होता.

मात्र भाषेला रचना सापडली तरी माणसे बोलीतच बोलतात. धर्माचे तसेच असते, ही अडचण त्यांच्या विवेचनात सुटलेली नाही. निव्वळ तत्त्वांच्या यादीपुढे डोके टेकता येत नाही.

सुरतेस १८४४ साली दुर्गाराम मेहताजी प्रभृती गुजराती मित्रांसह त्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. ही सभा उघडपणे भरत असे. मंत्रतंत्र, जादूटोणा करणाऱ्यांना तिने जाहीर आव्हाने दिली. दादोबांची १८४६ साली मुंबईस बदली झाली आणि पुढे तिचा जोर ओसरला. मुंबईत १८४८ साली ज्ञानप्रसारक सभेचे ते पहिले अध्यक्ष झाले. या उघड सभेच्याच परिसरातून १८४९ साली परमहंस सभा निघाली. अध्यक्षपद राम बाळकृष्ण जयकरांकडे होते. प्रेरणा आणि प्रार्थना दादोबांच्या. सभेची बैठक या मराठी प्रार्थनांनी सुरू होई आणि संपे. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे. हा विधी आज पोरकट वाटतो. त्या वेळी तो एक घास म्हणजे जात, सोयरीक, मुलीचे लग्न आणि आईबापांचे श्राद्ध हे सारे पणाला लावणे होते. कोणत्याही धर्मावर हल्ला करायचा नाही आणि कोणताही ग्रंथ अचूक मानायचा नाही, अशी सभेची दुहेरी भूमिका होती. सभासदांची संख्या हजारावर गेली म्हणजे मग उघड व्हायचे, असा बेत होता.

सुरतेतील उघडी सभा मुंबईत गुप्त का झाली? भित्रेपणा हे उत्तर मला अपुरे वाटते. सुरतेत दादोबा परके होते. त्यांची जात, घर, वडीलधारी मंडळी तेथे नव्हती. मुंबईत ते एका घराचे थोरले चिरंजीव होते. विचार तोच राहिला, पण तो मोडणार होता ते घर आता हाताच्या अंतरावर होते. शिवाय त्यांना धर्म सोडून जायचे नव्हते, धर्मात राहून तो बदलायचा होता; आणि बहिष्कृत माणसाला आतून काही बदलता येत नाही. या युक्तिवादात तथ्य आहे. तरीही त्याची किंमत इतरांनी मोजली, हेही नोंदवले पाहिजे. याच सभेत बाबा पदमनजी होते. अर्ध्या वाटेवरच्या या मुक्कामात त्यांचे मन रमले नाही आणि १८५४ साली ते ख्रिस्ती झाले. त्यांच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्रात या संक्रमणाचा वृत्तान्त येतो. पदमनजींनी उघडपणाची पुरी किंमत दिली. दादोबांनी ती दिली नाही. दोघांच्या शंका जवळजवळ सारख्या होत्या. फरक निष्कर्षात आणि धैर्याच्या जातीत होता.

१८५२ साली दादोबा अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. भिल्लांच्या बंडाच्या वेळी केलेल्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादुर केले. त्याच सुमारास, १८५७ साली, विधवाविवाहाच्या समर्थनार्थ त्यांचे 'विधवाश्रुमार्जन' आले. मनुष्यमात्राची एक जात सांगणारा माणूस भिल्लांच्या बंदोबस्तासाठी गौरविला जातो, ही विसंगती त्यांना जाणवली असेल काय? आपण नंतरच्या शतकातील वाचक असल्याने आपल्याला ती जाणवते. त्यांच्या पिढीला इंग्रजी राज्य हेच विवेकाचे राज्य वाटत होते.

१८६० साली कोणीतरी सभेची कागदपत्रे लांबवली. सभासदांची नावे फुटणार या धास्तीने परमहंस सभा विखुरली. ज्या सभेला हजार सभासदांच्या बळावर प्रकट व्हायचे होते, ती नावांच्या एका यादीने संपली. सात वर्षांनी धाकट्या भावाच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उभा राहिला, त्यात थोरल्या भावाने प्रमुख भाग घेतला नाही.

निवृत्तीनंतरचा काळ माझ्या मते या चरित्राचा सर्वांत अर्थपूर्ण भाग होय. १८६५ साली त्यांनी मोरोपंतांच्या 'केकावली'वर विस्तृत टीका प्रसिद्ध केली आणि तिला आईवडिलांच्या नावांवरून 'यशोदा-पांडुरंगी' हे नाव दिले. शब्द, समास, अलंकार उलगडणारा हा ग्रंथ अभ्यासक पांडित्यासाठी वाचतात. परंतु ज्याने अवतार आणि मूर्ती नाकारल्या, त्याने सगुण देवाला आर्तपणे हाका मारणाऱ्या कवितेच्या एकेका शब्दापाशी इतका काळ थांबावे, याला केवळ भाषाप्रेम हे कारण पुरत नाही. तत्त्वांच्या यादीत जे बसले नव्हते, ती शरणागती, टीकेच्या आडोशाने येथे परत आली आहे. टीकाकाराला श्रद्धा जाहीर करावी लागत नाही. मूळ कवीच्या श्रद्धेचा अर्थ सांगता सांगता तो तिच्या सहवासात राहू शकतो. दादोबांना ही मोकळीक आवश्यक होती.

तीन वर्षांनी, १८६८ साली, 'धर्मविवेचन' छापले गेले. लिहिल्यापासून पंचवीस वर्षांनी, आणि तेही 'एक जगद्वासी आर्य' या टोपणनावाने. मोरोपंतांचा अर्थ सांगणाऱ्या ग्रंथावर आईवडिलांची नावे, आणि स्वतःच्या धर्माची तत्त्वे सांगणाऱ्या ग्रंथावर स्वतःचेही नाव नाही.

आणि मग आले स्वीडनबॉर्ग. इमॅन्युएल स्वीडनबॉर्ग (१६८८ ते १७७२) हा मुळात खनिजशास्त्राचा आणि शरीरशास्त्राचा अभ्यासक. उत्तरायुष्यात त्याला स्वर्ग आणि नरक यांची दर्शने झाली, असे तो सांगे. सृष्टीतील प्रत्येक वस्तूला आध्यात्मिक जगात तिचा प्रतिरूप अर्थ असतो, हा त्याचा मुख्य सिद्धान्त. दादोबांनी त्याच्या ग्रंथांवर एका हिंदू गृहस्थाचे चिंतन अशा अर्थाचे शीर्षक असलेले इंग्रजी पुस्तक लिहिले आणि ते १८७८ साली लंडनला निघाले. चमत्कारांवर उपहास करणारा बुद्धिवादी चौसष्टाव्या वर्षी देवदूतांशी बोलणाऱ्याच्या नादी लागला, असे याचे वर्णन करण्याचा मोह होतो. मला ते न्याय्य वाटत नाही. दृश्य शब्दाच्या मागे अदृश्य अर्थ असतो, हे व्याकरणकाराने आयुष्यभर गृहीत धरले होते. स्वीडनबॉर्गने तोच संबंध सृष्टीला लावून दाखवला. शिवाय हा ख्रिस्ती विचार रूढ चर्चच्या बाहेरचा होता, म्हणून बाप्तिस्म्याची अट न मानता दादोबा त्याच्याशी संवाद करू शकत होते. शीर्षकातच आपण हिंदू आहोत हे सांगून, परदेशी वाचकापुढे, त्यांनी या पुस्तकात धर्मावर मोकळेपणाने लिहिले. मराठीत जे बोलताना टोपणनाव लागले, ते इंग्रजीत बोलताना लागले नाही. कारण त्या वाचकांत जातभाई नव्हते.

१८८० साली 'पारमहंसिक ब्राह्मधर्म' प्रसिद्ध झाले. सभा मोडून वीस वर्षे लोटली होती, भावाचा प्रार्थना समाज स्थिरावला होता, आणि वृद्ध दादोबांनी पुन्हा ते जुने परमहंस नावच उचलले. त्या सभेविषयीची निष्ठा त्यांनी अशी एका शीर्षकातून व्यक्त केली. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. ते हिंदू म्हणून जगले आणि हिंदू म्हणूनच गेले.

त्यांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी परिश्रमपूर्वक संपादून, पुढील भागाच्या चरित्राची जोड देऊन, १९४७ साली प्रकाशित केले. परमहंस सभा व राम बाळकृष्ण यांच्यावर प्रियोळकरांनी स्वतंत्र ग्रंथही लिहिला. या दोन ग्रंथांवाचून आज या विषयावर एक ओळही लिहिता येणार नाही. आत्मचरित्रात बालपण आहे, पंतोजींची शाळा आहे, जावरा आहे, सुरत आहे. मुंबईच्या गुप्त सभेपर्यंत ते पोहोचत नाही. तिच्या अलीकडेच लेखणी थांबलेली आहे.