दीपस्तंभांच्या घरातील वाटसरू

(द्वितीय वर्ष, कला)

ज्या घरात आजोबा, वडील आणि दोन्ही काका एकाच व्यवसायात नाव कमावून बसलेले असतात, त्या घरात जन्मणाऱ्या मुलाची वाट त्याच्या जन्माआधीच आखलेली असते. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे असेच होते. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी १३ नोव्हेंबर १८५० रोजी तो जन्मला, तेव्हा स्टीव्हन्सन हे नाव समुद्रावरच्या प्रत्येक खलाशाला ठाऊक होते. आजोबा रॉबर्ट यांनी १८०७ ते १८१० या काळात बेल रॉक नावाच्या खडकावर दीपस्तंभ उभारला होता. हा खडक भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो. वडील थॉमस हेही दीपस्तंभांचेच अभियंते. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना हवामान केंद्रातील ती पांढरी, झडपांची, उंच पायांवर उभी असलेली पेटी माहीत असेल. तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात, ती या थॉमस यांचीच देणगी!

आपण मात्र स्टीव्हन्सनला ओळखतो तो ‘ट्रेझर आयलंड’चा आणि ‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’चा लेखक म्हणून. अभियंत्यांच्या घरातला हा एकुलता एक मुलगा लेखक कसा झाला, आणि त्यात फ्रान्सच्या डोंगरदऱ्यांतील एका पायवाटेचा वाटा किती, हे सांगण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

लहानपणापासून त्याची छाती अधू. एडिंबरोच्या थंड, दमट हिवाळ्यात तो आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळून असे. रात्री खोकल्याची उबळ आली की त्याची दाई ॲलिसन कनिंगहॅम त्याच्या उशाशी बसून बायबलातल्या आणि धर्मासाठी प्राण देणाऱ्या स्कॉटिश शेतकऱ्यांच्या कथा सांगे. त्या कथा त्याच्या मनात इतक्या रुजल्या की सोळाव्या वर्षीच त्याने अशा एका उठावावर पुस्तिका लिहिली. ती छापण्याचा खर्च वडिलांनी केला. मुलाच्या लेखनावर वडिलांचा राग नव्हता, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. लेखन हा छंद म्हणून त्यांना मान्य होता. पोटाचा धंदा म्हणून नव्हता.

१८६७ साली तो एडिंबरो विद्यापीठात अभियांत्रिकी शिकू लागला. तासांना दांड्या मारणे आणि वह्यांत कविता लिहिणे हाच त्याचा खरा अभ्यासक्रम! तरीही बुद्धी अशी की १८७१ साली दीपस्तंभाच्या दिव्यावर त्याने वाचलेल्या निबंधाला पदक मिळाले. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, एका फिरण्याच्या वेळी, त्याने वडिलांना सांगून टाकले की मला हा व्यवसाय करायचा नाही. वडिलांनी मन आवरले. निदान वकील तरी हो, म्हणजे हाताशी काही राहील, अशी तडजोड झाली. १८७५ साली तो वकील झाला, पण वकिली अशी त्याने केलीच नाही. त्याआधी १८७३ साली याहून मोठा घाव बसला होता. वडिलांच्या धर्मावर आपली श्रद्धा उरलेली नाही, हे त्याने त्यांना विचारताच खरे सांगितले. त्या श्रद्धाळू घरात जणू कोणी वारले असावे असे वातावरण पसरले.

हे वाचताना मी थांबलो. माझे वडील गवंडी आहेत, आजोबाही गवंडीच होते. कॉलेजची पायरी चढणारा घरातला मी पहिला. बेल रॉकची गोष्ट मी वडिलांना सांगितली. पुस्तकाविषयी त्यांनी काहीच विचारले नाही. लाटांत दगड हलत कसे नाहीत, एवढे विचारले. तेथे प्रत्येक दगडाला खाचा पाडून तो शेजारच्या दगडात अडकवला आहे, असे मी सांगितले तेव्हा त्यांनी हाताची बोटे एकमेकांत गुंतवून पाहिली आणि मान डोलावली. स्टीव्हन्सनने जे नाकारले ते क्षुल्लक नव्हते, हे मला त्या वेळी कळले. चांगले काम नाकारणे फार अवघड असते.

प्रकृतीसाठी आणि मोकळ्या हवेसाठी तो वारंवार फ्रान्सला जाऊ लागला. १८७६ साली तेथील ग्रेझ या चित्रकारांच्या गावी त्याला फॅनी ऑझबर्न भेटली. ती अमेरिकन, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी, विवाहित आणि मुलांची आई. दोघांचे प्रेम जडले. पण ऑगस्ट १८७८ मध्ये ती कॅलिफोर्नियाला, नवऱ्याकडे परत गेली. स्टीव्हन्सन सत्तावीस वर्षांचा होता. खिशात पैसा नाही, धंद्यात जम नाही, आईवडिलांचे मन दुखावलेले, आणि जिच्यावर जीव जडला ती समुद्रापार! अशा मनःस्थितीत तो दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ मुलखातील ल मोनास्तिए या गावी जाऊन राहिला. गाव लेस विणणाऱ्या बायकांचे. तेथे महिनाभर राहून सेव्हेन पर्वताच्या दिशेने पायी निघायचे त्याने ठरवले.

उघड्यावर झोपता यावे म्हणून त्याने एक प्रचंड पिशवी शिवून घेतली. बाहेरून हिरवे मेणकापड, आतून मेंढीची लोकर. ती वाहायला गाढवीण विकत घेतली, पासष्ट फ्रँक आणि एक पेला ब्रँडी देऊन. उंदराच्या रंगाची, कुत्र्यापेक्षा फार मोठी नसलेली ही गाढवीण म्हणजे मोदेस्तीन. २२ सप्टेंबर १८७८ रोजी दोघे निघाले. खेड्यात वाढलेल्या माणसाला पुढचा प्रकार वाचून हसू आवरत नाही. ओझे दोन्ही अंगांना सारखे तोलून बांधावे लागते, हे या वकिलाला ठाऊक नव्हते! खोगीर कलंडले, सामान रस्त्यावर सांडले, आणि शेवटी त्याला पांढरा पाव, मटणाची तंगडी आणि अंडी फेटण्याचे यंत्र टाकून द्यावे लागले. जनावर चालेना म्हणून त्याने काठीने मारले. मारता मारता त्याचेच मन त्याला खाऊ लागले. पुढे एका खाणावळवाल्याने त्याला पराणी करून दिली, तेव्हा कुठे मोदेस्तीन पाऊल उचलू लागली.

वाट गुदे गावाशी ल्वार नदीच्या खोल दरीत उतरते, पुन्हा पठारावर चढते आणि प्रादेलवरून लांगोन्य येथे आलिए नदी ओलांडते. पुढचा मुलूख जेव्होदाँचा. १७६४ ते १७६७ या तीन वर्षांत एका नरभक्षक श्वापदाने अनेक माणसे मारल्यामुळे हा भाग फ्रान्सभर कुप्रसिद्ध झाला होता. येथे अंधारात वाट चुकल्यावर एका घरच्या माणसाने त्याला दाराबाहेर येऊन वाट दाखवायचे नाकारले. ती रात्र त्याने पावसात, रानात, आपल्या पिशवीत काढली.

डोंगरातल्या नोत्र दाम दे नेज या मठात मौनव्रती साधूंनी मात्र त्याला, परधर्मी असूनही, आसरा दिला. तेथे उतरलेल्या एका पाद्र्याने आणि एका निवृत्त सैनिकाने त्याला कॅथलिक होण्याचा आग्रह केला. इतकेच नव्हे, तर घरी जाऊन आईवडिलांनाही धर्म बदलायला लाव असे सुचवले. ज्या वडिलांच्या श्रद्धेला त्याने पाच वर्षांपूर्वी तडा दिला होता, त्यांच्याविषयी हे ऐकून तो चिडला. मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. घरात ज्या श्रद्धेविरुद्ध तो बोलला, तिच्याच बाजूने परक्या मुलखात तो उभा राहिला.

मग लोझेर पर्वत आला. त्याचे फिनिएल शिखर १६९९ मीटर उंच आहे. शिखराच्या अलीकडे पाइनच्या झाडांत त्याने एक रात्र ताऱ्यांखाली घालवली. एकांताचे सुख भोगतानाच कोणीतरी सोबत असावे असे त्याला वाटले. ते कोणी म्हणजे कोण, हे सांगायला नको. सकाळी निघताना या रात्रीच्या मुक्कामाचे भाडे म्हणून त्याने गवतावर नाणी ठेवत ठेवत वाट धरली. खिसा रिकामा असलेल्या माणसाची ही दानत!

शिखराच्या पलीकडे पाँ द माँव्हेर हे तार्न नदीकाठचे गाव आहे. राजाने १६८५ साली प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर येथील शेतकऱ्यांचा छळ सुरू झाला. २४ जुलै १७०२ रोजी त्यांनी या गावात धर्मबंदी डांबणाऱ्या शायला या पाद्र्याला ठार केले आणि कामिसारांचे युद्ध पेटले. दाईच्या मांडीवर ऐकलेली कथाच स्टीव्हन्सनला येथे दगडमातीत भेटली. पण त्याला अधिक भावले ते वेगळेच. ज्यांच्या पूर्वजांनी एकमेकांची गावे जाळली, ते दोन्ही पंथांचे लोक आता एकाच गावात सलोख्याने राहत होते. तार्नच्या खोऱ्यातून, चेस्टनटच्या झाडांखालून तो फ्लोराकला आला, मिमांत नदीकाठाने कासान्याकडे वळला आणि ३ ऑक्टोबरला सँ झाँ द्यु गार या गावी पोहोचला. बारा दिवसांत सुमारे दोनशे किलोमीटर चाल झाली होती. मोदेस्तीन पुढे चालण्याच्या स्थितीत नव्हती. खोगिरासकट ती पस्तीस फ्रँकला विकून तो घोडागाडीत बसला, आणि गाडी सुटल्यावर रडला.

या चालण्याने त्याला काय मिळाले? एक पुस्तक मिळाले; ते १८७९ साली प्रसिद्ध झाले. दुसरे जे मिळाले ते पुस्तकाहून मोठे. आपले ओझे काय आहे आणि त्यातले काय टाकता येते, हे त्याला कळले असावे. ऑगस्ट १८७९ मध्ये वडिलांना न सांगता तो स्थलांतरितांच्या गर्दीने भरलेल्या बोटीने अमेरिकेला निघाला. कॅलिफोर्नियात उपासमारीने आणि आजाराने तो मरणाच्या दारात पोहोचला. तेव्हा वडिलांची तार आली. वर्षाला २५० पौंड मिळतील, हा भरवसा त्यांनी दिला होता. १९ मे १८८० रोजी त्याचे फॅनीशी लग्न झाले.

पुढच्याच वर्षी सुट्टीत त्याने सावत्र मुलासाठी एका बेटाचा नकाशा काढला, आणि ‘ट्रेझर आयलंड’ जन्माला आले. रोज लिहिलेले प्रकरण तो घरात वाचून दाखवी. श्रोत्यांत वडीलही असत. कथेतल्या म्हाताऱ्या खलाशाच्या पेटीत काय काय निघावे याची यादी थॉमस यांनी स्वतः बसून तयार केली, आणि चाच्याच्या जहाजाचे नावही सुचवले. दीपस्तंभ बांधणारा बाप मुलाच्या गोष्टीतल्या पेटीची यादी करतो आहे, हे चित्र मला फार मोलाचे वाटते. १८८३ साली ते पुस्तकरूपाने आले. १८८६ साली जेकिल-हाइडची कथा आली. १८८७ मध्ये वडील वारले.

प्रकृतीसाठी तो अखेर पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटावर स्थायिक झाला. तेथील लोक त्याला तुसिताला, म्हणजे कथा सांगणारा, म्हणत. परकीय सत्तांच्या भांडणांत भरडल्या जाणाऱ्या सामोअन लोकांची बाजू त्याने उघडपणे घेतली. तुरुंगात पडलेल्या सरदारांना त्याने मदत केली होती. १८९४ साली सुटका झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हातांनी त्याच्या घरापर्यंत रस्ता बांधून दिला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला, चव्वेचाळिसाव्या वर्षी, मेंदूत रक्तस्राव होऊन तो वारला. त्याला डोंगरमाथ्यावर पुरता यावे म्हणून सामोअन माणसांनी दाट रानातून वर जाणारी वाट रातोरात तोडून काढली.

फ्रान्समधली ती वाटही आज जिवंत आहे. लांब पल्ल्याच्या पायवाटा आखून त्यांवर पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांच्या खुणा करण्याचे काम तेथे १९४७ पासून सुरू झाले. त्यांतली सत्तर क्रमांकाची वाट स्टीव्हन्सनच्या नावाने ओळखली जाते. दोन्ही टोकांना वाढवल्यामुळे ती आता ल प्युई ते आलेस अशी अडीचशे किलोमीटरहून अधिक लांब आहे. काही लोक भाड्याने गाढव घेऊन ती चालतात. तरुण माणसे सोडून गेल्यामुळे ओस पडत चाललेल्या त्या डोंगरी खेड्यांत या वाटसरूंमुळे खाणावळी चालतात, चार घरांची चूल पेटते.

वडिलांचा व्यवसाय सोडणारा मुलगा घराला मुकतो, असे आपण समजतो. स्टीव्हन्सनच्या घराण्याने समुद्रावरच्या माणसांना वाट दाखवली. त्यानेही दुसरे काय केले? माझे वडील हा लेख वाचतील की नाही, माहीत नाही. मी त्यांना तो वाचून दाखवणार आहे.