तबल्याची शाई आणि सर सी. व्ही. रामन

मे महिन्याच्या सुट्टीत मी दिल्लीला घरी गेलो होतो. आमचे घर पहाडगंजमध्ये, बृहन्महाराष्ट्र भवनाजवळ आहे. आजोबांच्या तबल्याची पुडी फाटली होती, म्हणून मी तो दुरुस्तीला नेला. कारागीर एका नव्या पुडीवर शाई भरत होते. एक पातळ थर लावायचा, दगडाने घोटायचा, टिचकी मारून ऐकायचे, मग पुढचा थर. कधी थांबायचे हे कसे कळते, असे मी विचारले. त्यांनी नुसते कानाकडे बोट दाखवले.

या कानाच्या हिशेबाचा शास्त्रीय अभ्यास सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केला होता, हे मला शाळेत परतल्यावर वाचनालयात समजले. मला तोपर्यंत त्यांचे नोबेल पारितोषिक आणि २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन एवढेच माहीत होते.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील गणित व पदार्थविज्ञान शिकवत. १९०७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून एम. ए. झाले. पुढच्या शिक्षणाला इंग्लंडला पाठवायचे ठरत होते. पण सिव्हिल सर्जनने तपासून सांगितले की या मुलाची प्रकृती तिथल्या हवेत टिकणार नाही. म्हणजे आमच्या भाषेत, मेडिकल अनफिट. या शब्दाची भीती आमच्या वर्गात सगळ्यांनाच आहे. मला जरा जास्त आहे, कारण माझ्या चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढतो. ते पान मी दोनदा वाचले.

रामन यांनी मग सरकारी वित्त खात्याची परीक्षा दिली आणि कलकत्त्यात हिशेबनीस अधिकारी झाले. तिथे बहूबाजारात त्यांना इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सची पाटी दिसली. आत प्रयोगशाळा होती, पण काम करणारे फारसे कोणी नव्हते. जवळजवळ दहा वर्षे ते कचेरीच्या आधी आणि कचेरीनंतर तिथे प्रयोग करत. मध्ये रंगून आणि आपल्या नागपूरलाही बदली झाली. १९१७ मध्ये मोठ्या पगाराची नोकरी सोडून ते कमी पगारावर कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्यांना वाद्यांचे वेड होते. सारख्या जाडीचे ताणलेले गोल कातडे वाजवले, तर त्याच्या कंपनांचे प्रमाण १, १.५९, २.१४, २.३० असे वेडेवाकडे येते. हे आकडे बेसेल फलनातून निघतात. म्हणून साध्या ढोलातून गोंगाट निघतो, स्वर नाही. धातूचा पत्रा किंवा घुमटाचे कवच यांच्या कंपनांचे गणितही याच घराण्यातले, फक्त तिथे परत खेचणारा जोर पत्र्याच्या ताठपणाचा असतो आणि इथे कातड्याच्या ताणाचा. मग तबला व मृदंग सुरात कसे लागतात? रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की मधल्या शाईच्या वजनामुळे ही कंपने १, २, ३, ४, ५ अशा पटींत येतात. १९३४ मध्ये बंगळूरला असताना रामन यांनी कातड्यावर बारीक वाळू टाकून प्रत्येक कंपनाची आकृती टिपली. जिथे कातडे हलत नाही, त्या रेषांवर वाळू गोळा होते. अशी नऊ कंपने मिळून पाचच स्वर देतात, म्हणजे काही स्वरांत दोन-तीन आकृत्या एकत्र नांदतात! ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेला का टेकवायची, हे मला तेव्हा उमगले. ती मूळ कंपन दाबते आणि वरचे स्वर मोकळे ठेवते. पुढे १९५४ मध्ये बी. एस. रामकृष्ण आणि मनमोहन सोंधी यांनी दोन वेगवेगळ्या घनतांचे कातडे मानून हे समीकरण सोडवले.

रामन २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळूरला वारले.

मागच्या रविवारी मी बँड रूममधल्या ड्रमवर रांगोळी टाकून काठी मारली. आकृती काही उमटली नाही, रांगोळी मात्र सगळीकडे उडाली आणि संध्याकाळपर्यंत ड्रम पुसावा लागला. दिवाळीत आजोबांच्या तबल्यावर पुन्हा करून पाहणार आहे. त्यांनी फोनवर परवानगी दिली आहे, पण नवी शाई खरवडली तर पुडीचे पैसे माझ्या खाऊच्या पैशांतून जातील.