जेम्स नास्मिथ आणि त्याचा घण

डोणगावच्या लोहाराच्या भात्यापाशी उभे राहून तापल्या लोखंडावर घण पडताना ज्याने पाहिला नाही, असा विद्यार्थी आमच्या शाळेत क्वचितच सापडेल. पेरणीच्या आधी वखराच्या पासा व तिफणीचे फण पाजवून घेण्यासाठी तेथे शेतकऱ्यांची दाटी होते. लोहार सांडशीत लोखंड धरून लहान हातोड्याने नेमकी जागा दाखवितो, आणि समोर उभा असलेला गडी त्या जागी घण घालतो. हा गडी पुष्कळदा घरचाच मुलगा असतो, व नेमक्या त्याच दिवसांत आमच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडत जातात.

गेल्या वर्षी अशाच एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मोडीत निघालेला एक जुना यांत्रिक घण, ज्यास कारागीर पॉवर हॅमर म्हणतात, कर्ज काढून विकत घेतला आणि घरामागच्या पडवीत पक्का पाया घालून बसविला. मोटार हवा दाबते, त्या हवेने दट्ट्या वरखाली होतो व दट्ट्याला जोडलेला घण ऐरणीवर पडतो. आम्ही तो पाहावयास गेलो असता मुलाने हे यंत्र कोणी काढले असे विचारले. त्या वेळी आम्हांस पुरे उत्तर देता आले नाही; ते आज देत आहोत.

पाण्याच्या चक्रावर चालणारे घण युरोपात शेकडो वर्षांपासून होते. परंतु घण थेट दट्ट्यालाच टांगावा, ही युक्ती कागदावर उतरविणारा जेम्स नास्मिथ हा होय. त्याचा जन्म १९ ऑगस्ट १८०८ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी झाला. बाप अलेक्झांडर नास्मिथ हा नामांकित चित्रकार. पण घरात त्याने हत्यारांनी भरलेली एक खोलीही ठेविली होती, आणि मुलाचे खरे शिक्षण तेथेच झाले. शाळेतील लॅटिनची घोकंपट्टी त्यास मुळीच रुचली नाही. (आमच्या विद्यार्थ्यांनी एवढेच वाक्य उचलून घरी सांगू नये!) त्याच्या एका मित्राच्या वडिलांचा ओतकामाचा कारखाना होता; सुटीच्या दिवशी त्याची पावले तिकडेच वळत.

पुढे तो वाफेच्या यंत्रांचे लहान नमुने करून विकू लागला व त्या पैशांतून विद्यापीठातील व्याख्यानांची फी भरू लागला. पितळ ओतण्यास जागा कोठली? त्याने आपल्या निजण्याच्या खोलीतच भट्टी मांडली. खाली वडील झोपत, म्हणून साच्यातील वाळू रात्री हलक्या हाताने ठोकावी लागे.

सन १८२९ मध्ये आपण केलेले एक इंजिन व काही रेखाचित्रे घेऊन तो लंडनास हेन्री मॉड्स्ले या विख्यात यंत्रकाराकडे गेला. मॉड्स्लेने उमेदवार घेण्याचे बंद केले होते. तरी मुलाच्या हातचे काम पाहून त्याने त्यास आपला खासगी मदतनीस नेमिले. आठवड्यास दहा शिलिंग वेतन मिळे. तेवढ्यात भागावे म्हणून त्याने दिव्यावर आपोआप शिजणारे एक भांडे स्वतःच बनविले होते.

मॉड्स्ले १८३१ मध्ये वारला. नास्मिथने १८३४ साली मँचेस्टर येथे एका इमारतीचा मजला भाड्याने घेऊन स्वतःचा धंदा मांडिला. पण एकदा एका इंजिनाची अवजड तुळई तक्तपोशी फोडून खालच्या काचकाम करणाऱ्याच्या दुकानात घुसली. तेव्हा १८३६ पासून पॅट्रिक्रॉफ्ट या गावी कालवा व लोहमार्ग यांच्या काठी मोकळ्या जागेवर त्याने कारखाना उभारिला. तेथे १८३८ साली त्याने वितळलेले लोखंड ओतण्याच्या पळीस दातेरी चक्रे जोडली. पूर्वी ही पळी अनेक माणसे जिवावर उदार होऊन कलती करीत. आता एकच माणूस ती सुरक्षित कलवू लागला. या सुधारणेचे पेटंट त्याने घेतले नाही. ती सर्वांस मोकळी ठेविली, हे आम्हांस त्याच्या घणाइतकेच मोठे वाटते.

सन १८३९ मध्ये एका प्रचंड आगबोटीच्या चाकांसाठी तीस इंच जाडीचा आस हवा होता. तो ठोकून देण्यास कोणी लोहारखाना तयार होईना. कारण उघड आहे. जुन्या घणाचा दांडा एका टोकास खिळलेला असे. ऐरणीवरचे लोखंड जितके जाड, तितके घणास पडावयास अंतर कमी. म्हणजे जेथे जोर अधिक हवा, नेमका तेथेच तो उणा पडे. नास्मिथने ऐरणीच्या वर सरळ उभे नळकांडे योजिले. वाफेने दट्ट्या व त्यास टांगलेला घण उचलावयाचा आणि वाफ सोडून तो खाली पाडावयाचा. २४ नोव्हेंबर १८३९ रोजी हे चित्र त्याने अर्ध्या तासात काढिले.

पुढे त्या आगबोटीस चाकांऐवजी पंखा बसविण्याचे ठरले, व घणाचे काम वहीतच राहिले. नास्मिथ बाहेर असता फ्रान्सहून आलेल्या श्नायडर व बूर्दों या दोघांस त्याच्या भागीदाराने ती वही दाखविली. १८४२ मध्ये तो क्रूझो येथे गेला तेव्हा आपला घण तेथे काम करीत असलेला त्यास दिसला! त्याने घरी येऊन त्याच वर्षी पेटंट घेतले. फ्रेंच लोक या शोधाचे श्रेय बूर्दोंसच देतात. शिवाय, घण आपोआप चालविणारी योजना कारखान्याचा व्यवस्थापक रॉबर्ट विल्सन याची होती, हे विसरता कामा नये. या घणाची खरी थोरवी जोरात नव्हे, आवरण्यात होती. पेल्यात ठेवलेल्या अंड्याचे नुसते टरफल फोडावे व पुढच्याच घावाने सारी इमारत हादरवावी, असे प्रयोग पाहुण्यांस दाखवीत. हेच तत्त्व जमिनीत खांब ठोकण्यास लावले, तेव्हा हाताने बारा तास लागणारे काम सुमारे साडेचार मिनिटांत झाले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८५२ साली इंग्लंडात यंत्रकामगारांचा व मालकांचा मोठा झगडा झाला. नास्मिथने स्वयंचलित यंत्रे वाढवून आपली सुमारे निम्मी माणसे कमी केली, आणि पुढे सरकारी चौकशीपुढे ते अभिमानाने सांगितले. पळीने भाजणारे हात ज्याने वाचविले, त्यानेच हे करावे याचे आम्हांस वाईट वाटते. डोणगावच्या पडवीतील घणाने आमचा विद्यार्थी वर्गात परत आणिला. परंतु हंगामात मजुरीने घण घालण्यास येणाऱ्या गड्यास यंदा तेथून बोलावणे गेले नाही, हेही आम्हांस त्याच मुलाकडून कळले.

वयाच्या ४८ व्या वर्षी, १८५६ अखेर, नास्मिथने कारखाना सोडिला आणि केंट परगण्यात घर घेऊन त्यास घणाचेच नाव दिले, हॅमरफील्ड. तेथे स्वतः बनविलेल्या दुर्बिणीतून तो चंद्र न्याहाळी. १८७४ साली जेम्स कार्पेंटर याच्यासह चंद्रावर त्याने ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी चंद्राच्या डोंगरांचे गिलाव्याचे नमुने करून, त्यांवर ऊन पाडून, छायाचित्रे घेतली होती. तेथील विवरे ज्वालामुखीची असावीत हे त्याचे मत मात्र टिकले नाही. बहुतेक विवरे उल्कांच्या आघाताने झाली, असे आता ठरले आहे; आणि आमच्या जिल्ह्यातील लोणारचे सरोवर, ज्यास पूर्वी ज्वालामुखीच समजत, तेही तसेच निघाले. नास्मिथ ७ मे १८९० रोजी लंडन येथे मरण पावला. चंद्रावरील एका विवरास त्याचे नाव दिलेले आहे.