डॉ. खानखोजे आणि सोशिक वाणाचा शोध

पेण ते रोहा या पट्ट्यातील निडीसारख्या गावात भाताचे पीक पावसाच्या मर्जीवर उभे असते. ऐन वाढीच्या दिवसांत पावसाने ओढ दिली की खाचराला भेगा पडतात, आणि ताणाखाली आलेल्या त्याच रोपाला करपा अधिक लवकर गाठतो. खाडीकाठच्या खारजमिनीत तर या दोहोंत मिठाची भर पडते. शेतकरी या संकटांना निरनिराळी नावे देतो. रोपाला मात्र ती एकाच वेळी सोसावी लागतात. या प्रश्नाचा विचार करताना वर्ध्याच्या मातीतून निघून मेक्सिकोच्या शेतात पोहोचलेल्या डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्या आयुष्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे.

खानखोजे यांचा जन्म १८८० नंतरच्या दशकातला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला, तेव्हा ते शाळकरी वयात होते. परकी सत्ता आणि रिकामे कोठार यांचा संबंध त्या पिढीला पुस्तकातून शिकावा लागला नाही. सशस्त्र क्रांतीच्या ध्येयाने त्यांनी तरुणपणीच देश सोडला व जपानमार्गे अमेरिका गाठली. तेथे लष्करी विद्येबरोबरच ओरेगन व वॉशिंग्टन या राज्यांत त्यांनी कृषिशास्त्राचा अभ्यास केला. १९१३ साली आकारास आलेल्या गदर पक्षाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. पहिल्या महायुद्धात ते इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. पुढे बर्लिन व मॉस्को येथे त्यांचा वावर झाला. मायदेशाचे दरवाजे बंद असल्याने १९२४ साली ते मेक्सिकोत आले.

चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मेक्सिकोत नुकतीच क्रांती होऊन गेली होती. जमिनीचे वाटप चालू होते, परंतु डोंगराळ पठारावरील कोरडवाहू मका कधी अवर्षणाने, तर कधी थंडीच्या कडाक्याने हातचा जात असे. खानखोजे यांनी मका व गहू यांचे थंडी आणि अवर्षण सोसणारे वाण शोधण्यास वाहून घेतले. मक्याचा रानटी भाऊबंद असलेल्या तेओसिंते या गवताशी त्यांनी मक्याचा संकर घडवून आणला. शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालविल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराशी त्यांचा स्नेह जडला आणि तिना मोदोत्ती यांनी त्यांच्या प्रयोगांची छायाचित्रे घेतली.

त्यांच्या कामाचे मोल ठरविताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. ज्या गव्हाने पुढे भारताची कोठारे भरली, तो गहू नॉर्मन बोरलॉग यांचा. ते १९४४ साली मेक्सिकोत आले व त्यांचा पहिला लढा तांबेऱ्याशी होता. त्यांनी एकच पिढीजात बियाणे आळीपाळीने सोनोराच्या उष्ण सपाटीवर आणि तोलुकाच्या थंड, पावसाळी उंचीवर पेरले. हवामान बदलले, रोग बदलला. दोन्हीकडे तगले तेच रोप पुढे गेले. एका माणसाने अवर्षण व थंडी हाताळली, दुसऱ्याने रोग. शेताला मात्र दोन्ही उत्तरे एकाच दाण्यात हवी असतात.

ते अवघड का, हे आता वनस्पतिशास्त्र सांगू शकते. पाणी कमी पडले की रोप अॅब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक तयार करून पानावरील रंध्रे मिटते. रोगजंतूंशी झुंजताना त्याची भिस्त बव्हंशी सॅलिसिलिक आम्लावर असते, आणि पहिले वाढले की दुसऱ्याचे बळ अनेकदा खचते. कधी उलटही घडते: मिटलेल्या रंध्रांमुळे काही जीवाणूंची वाट अडते. म्हणजे दोन संकटांची बेरीज साधी नसते. पाटाच्या पाण्यावर करप्याला दाद न देणारा वाण कोरड्या खाचरात तसाच टिकेल, याची हमी देता येत नाही. तो तेथेच पेरून पाहावा लागतो.

स्वातंत्र्यानंतर खानखोजे मायदेशी परतले. १९६६ साली मेक्सिकन गव्हाचे १८ हजार टन बियाणे भारताने आयात केले. पुढच्याच वर्षी, २२ जानेवारी १९६७ रोजी, नागपुरात त्यांचे निधन झाले. ज्या देशाच्या शेतीसाठी त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, तेथूनच ते बियाणे आले होते.

कोकणात पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने मीठ सोसणारे भाताचे वाण दिले आहेत. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचे वाणही शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. हे कार्य मोलाचे आहे. परंतु मीठ, ओढ आणि करपा यांची परीक्षा एकाच खाचरात घ्यावयाची, तर ते खाचर शेतकऱ्याचेच असले पाहिजे, आणि निकाल नोंदविणाऱ्यांत त्याचाही हात हवा. शेतकऱ्याला शाळेत आणून बसविणाऱ्या खानखोजे यांच्या मार्गावरचे ते पुढचे पाऊल ठरेल. निडीच्या शेतकऱ्याला एका रोगावरचे औषध किंवा एका संकटावरचे बियाणे पुरणार नाही. त्याच्या बांधावर ती सारी एकत्रच येतात.