ना. म. जोशी : कामगारांचा नेमस्त कैवारी

मुंबईच्या डिलाइल रोडला ना. म. जोशी यांचे नाव देण्यात आले, त्यालाही आता बराच काळ लोटला. त्या रस्त्यालगतच्या गिरण्यांचे भोंगे थांबले, गिरण्यांच्या जागी उंच इमारती आल्या आणि ज्यांच्यासाठी जोशी झिजले तो गिरणी कामगारही तेथून बव्हंशी हद्दपार झाला. रस्त्यावरील पाटी तेवढी शिल्लक राहिली. मात्र कामगाराने संघटना बांधणे हा गुन्हा नव्हे, कामावर झालेल्या अपघाताची भरपाई ही मालकाची मेहेरबानी नव्हे, किंवा कामाच्या तासांना काही मर्यादा असली पाहिजे, या ज्या गोष्टी आज नोकरदार माणूस गृहीत धरतो, त्यांच्या मागे या माणसाचे आयुष्य उभे आहे, हे सांगणारी पाटी कोठेही नाही.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्यात शिक्षण घेऊन डेक्कन कॉलेजातून ते १९०१ साली पदवीधर झाले आणि पुढे काही वर्षे त्यांनी शिक्षकाचा पेशा केला. त्या काळच्या मध्यमवर्गीय पदवीधराला सरकारी नोकरी किंवा वकिली हे दोन राजमार्ग खुले होते. जोशी यांनी १९०९ साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात प्रवेश केला. अल्प निर्वाहवेतनावर आयुष्यभर सार्वजनिक कार्य करायचे आणि ते करताना प्रथम विषयाचा अभ्यास करायचा, ही त्या संस्थेची शिस्त. भावनेपेक्षा माहितीवर आणि वक्तृत्वापेक्षा युक्तिवादावर भर देण्याची सवय जोशी यांना येथेच लागली. त्यांच्या यशाचे आणि मर्यादांचेही मूळ या सवयीत आहे.

१९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार परळ, लालबागच्या चाळींत एकेका खोलीत अनेक बिऱ्हाडे करून राहत होता. जॉबरच्या मर्जीवर त्याची नोकरी आणि सावकाराच्या वहीवर त्याचा पगार अवलंबून होता. लीगने त्याच्यासाठी रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या चालविल्या. परळचे दामोदर नाट्यगृह ही याच संस्थेची वास्तू. हे कार्य परोपकाराचे होते. पण ते करताना जोशी यांच्या ध्यानात आले, की अठरा टक्क्यांऐवजी नऊ टक्क्यांनी कर्ज मिळाले तरी ज्याची मजुरीच पोटापुरती नाही त्याचे दैन्य हटत नाही. सेवेकडून संघटनेकडे आणि संघटनेकडून कायद्याकडे त्यांचा प्रवास झाला तो या अनुभवातून.

या प्रवासाला १९१९ साली मोठी चालना मिळाली. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेची पहिली परिषद त्या वर्षी वॉशिंग्टन येथे भरली आणि भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशी यांची निवड केली. इतर औद्योगिक राष्ट्रांसाठी आठवड्याला ४८ तासांचा दंडक ठरला, तर भारतासाठी ६० तासांची सवलतवजा मर्यादा. ४८ आणि ६० यांतील अंतर पारतंत्र्याचे मोजमाप होते खरे. तथापि ज्या देशात सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत गिरणी चालविण्याची पद्धत एके काळी रूढ होती, तेथे ६० हा आकडासुद्धा पुढचे पाऊल होता. १९२२ च्या दुरुस्तीने तो फॅक्टरी कायद्यात आला. परंतु कामगारांचा प्रतिनिधी सरकारने का निवडावा, हा प्रश्नही याच वेळी ऐरणीवर आला. कामगारांची देशव्यापी संस्था हवी या जाणिवेतून ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. तिच्या उभारणीत जोशी यांचा वाटा होता आणि १९२५ पासून ते तिचे सरचिटणीस झाले.

त्यांचे सर्वांत टिकाऊ कार्य मात्र विधिमंडळात घडले. १९२१ पासून सुमारे पाव शतक ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे सरकारनियुक्त सभासद होते. त्याच सुमारास मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या तंट्यात कामगार पुढारी बी. पी. वाडिया आणि त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध हायकोर्टाने मनाई हुकूम दिला होता. कामगारांना मालकाशी झालेला करार मोडण्यास उद्युक्त करणे हे नुकसानभरपाईस पात्र कृत्य ठरत होते. म्हणजे कामगार संघटना आपले मूळ कर्तव्य करू लागली, की तिच्या चालकांना दिवाळखोरी किंवा तुरुंग यांपैकी एकाची तयारी ठेवावी लागत असे.

यातील अन्याय आर्थिक दृष्ट्या समजून घेण्याजोगा आहे. व्यापाऱ्याला आजचा भाव पटला नाही तर तो माल वखारीत ठेवून उद्याची वाट पाहू शकतो. श्रम हा माल साठविता येत नाही. आजचा दिवस विकला गेला नाही तर तो कायमचा बुडाला. एकट्या मजुराने घासाघीस करणे म्हणूनच निरर्थक असते. त्याला सौदा करण्याची शक्ती मिळते ती इतरांच्या सोबतीनेच. ती सोबतच कायद्याने गुन्हा ठरविली, तर करारस्वातंत्र्य हा शब्द पोकळ होतो. १९२१ च्या मार्च महिन्यात जोशी यांनी संघटनांची नोंदणी आणि त्यांना संरक्षण देणारा कायदा करावा असा ठराव मांडला. सरकारने तो स्वीकारला आणि पाच वर्षांच्या रेंगाळणीनंतर १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. सात सभासदांनाही संघटना नोंदविता येऊ लागली. फौजदारी कटाच्या आणि दिवाणी दाव्याच्या टांगत्या तलवारीपासून नोंदणीकृत संघटनेला अभय मिळाले. मालकाने संघटनेला मान्यता दिलीच पाहिजे, असे बंधन मात्र त्यात आले नाही.

सगळेच प्रयत्न फळास आले असे नव्हे. १९२४ साली त्यांनी स्त्री कामगारांना प्रसूतीच्या काळात साहाय्य देणारे विधेयक मांडले, ते फेटाळले गेले. पण तो विचार मेला नाही. १९२९ साली मुंबई प्रांताने तसा कायदा केला. पराभूत विधेयकही पुढच्या कायद्याची पायवाट तयार करते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

विधिमंडळाबाहेर त्यांची कसोटी लागली ती संपांच्या काळात. १९२५ साली मुंबईच्या गिरणी मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. सरकारने डिसेंबरच्या आरंभी कापडावरील जकात स्थगित केली तेव्हा कपात मागे घेतली गेली. या लढ्यातून १९२६ च्या जानेवारीत बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन उभी राहिली. जोशी तिचे अध्यक्ष होते. परंतु १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात कामगारांचा कल बदलला. श्रीपाद अमृत डांगे आणि त्यांच्या साम्यवादी सहकाऱ्यांची गिरणी कामगार युनियन वर्षअखेर पन्नास हजारांवर सभासदांपर्यंत पोहोचली. जोशी यांच्या संघटनेची संख्या तिच्या पासंगालाही पुरली नाही. गिरणीच्या दारात सभा घेणाऱ्या, खात्याखात्यांत समित्या नेमणाऱ्या तरुणांनी कामगाराला जो आत्मविश्वास दिला, तो अर्ज आणि ठराव यांतून मिळण्यासारखा नव्हता.

मतभेदाचा स्फोट १९२९ च्या नागपूर अधिवेशनात झाला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगावर बहिष्कार टाकण्याचा ठराव संमत झाला. जोशी स्वतः त्या आयोगाचे सभासद होते. त्यांनी आणि नेमस्तांनी काँग्रेस सोडून वेगळा महासंघ काढला. सरकारनियुक्त सभासद, सरकारी आयोगावरचा माणूस, गोलमेज परिषदेचा निमंत्रित अशी टीका त्यांच्यावर झाली आणि ती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही. ज्याच्या नेमणुकीची दोरी सरकारच्या हाती आहे, त्याच्या लढ्याला मर्यादा पडणारच. पण त्याच आयोगाच्या शिफारशींतून मजुरी वेळेवर आणि मनमानी दंडाविना देण्याचा १९३६ चा कायदा आला, हेही जमेस धरले पाहिजे. बहिष्काराने स्वाभिमान राखला. सहभागाने महिनाअखेरचा पगार राखला. कामगाराला दोहोंची गरज होती.

जोशी यांचे मोठेपण असे, की त्यांनी मतभेदाचे वैरात रूपांतर होऊ दिले नाही. दुभंगलेली चळवळ सांधण्यासाठी ते जवळजवळ दहा वर्षे झटले. १९३८ साली तात्पुरती एकजूट झाली, १९४० साली ती पूर्ण झाली आणि ज्या संस्थेतून ते बाहेर पडले होते तिचेच सरचिटणीसपद त्यांच्याकडे आले. स्वतः साम्यवादी नसताना, १९४१ साली राजपुतान्यातील देवळीच्या छावणीत विनाचौकशी डांबलेल्या साम्यवादी आणि समाजवादी स्थानबद्धांची भेट घेऊन त्यांचे गाऱ्हाणे त्यांनी विधिमंडळात मांडले. प्रतिपक्षाचे स्वातंत्र्य हेही आपलेच स्वातंत्र्य होय, ही उदारमतवादाची खरी परीक्षा त्यांनी दिली. स्वातंत्र्यानंतर राजकीय पक्षागणिक कामगार संघटना निघाल्या. एकजुटीचे स्वप्न विरले. १९४८ साली त्यांनी सरचिटणीसपद सोडले आणि ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्याचा हिशोब मांडताना एक उणीव नजरेआड करून चालणार नाही. जोशी यांनी मिळविलेले हक्क प्रामुख्याने कारखाना, खाण आणि रेल्वे यांतील कामगारांपर्यंत पोहोचले. शेतमजूर, घरकामगार, बांधकामावरचा रोजंदार हे त्या कुंपणाबाहेर राहिले आणि देशातील बहुसंख्य श्रमिक आजही बाहेरच आहेत. २०१९ व २०२० साली संसदेने संमत केलेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या चार श्रमसंहितांनी जोशी यांच्या काळातील कायद्यांना आपल्या पोटात घेतले. १९२६ चा कायदा औद्योगिक संबंध संहितेत, १९३६ चा वेतन संहितेत आणि १९२३ चा भरपाईचा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला. ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटींचा अधिकार देऊन नव्या संहितेने १९२६ ची एक उणीव भरून काढली. त्याच संहितेने संपापूर्वी १४ दिवसांच्या सूचनेची अट सर्व उद्योगांना लावून संपाचे शस्त्र बोथटही केले. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने किती गेले, याचा निवाडा कलमे वाचून आणि आकडे तपासूनच करावा लागेल. जोशी यांनी पाव शतक विधिमंडळात बसून हेच केले. कामगारांच्या बाजूने तसे वाचणारी आणि तपासणारी माणसे आज किती उरली आहेत, हा त्यांच्या चरित्रातून उभा राहणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कोणतीही संहिता देऊ शकणार नाही.