सुरवंटांचा माग घेणारी चित्रकार

उन्हाळ्याच्या आरंभी युरोपातील झाडाझुडपांच्या कोवळ्या पानांवर सुरवंट दिसू लागतात. सतराव्या शतकात लोकांना त्यांची किळस वाटे. असे कीटक चिखलातून व कुजलेल्या पदार्थांतून आपोआप निर्माण होतात, अशी समजूत रूढ होती. फुलपाखराचे सौंदर्य सर्वांनाच दिसत होते; पण ते कोणत्या सुरवंटापासून घडले, हे पाहण्यासाठी थांबणारे विरळाच होते. मारिया सिबिला मेरियन या त्यांपैकी एक.

त्यांचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे झाला. वडील नामवंत खोदचित्रकार होते. परंतु मारिया तीन वर्षांची असतानाच ते निवर्तले. पुढे सावत्र वडील याकोब मारेल यांच्याकडे ती पुष्पचित्रे काढण्यास शिकली. वयाच्या तेराव्या वर्षी तिने रेशमाच्या अळ्या पाळल्या. अळीने कोश विणला आणि काही दिवसांनी त्यातून पतंग बाहेर पडला. त्या दर्शनाने तिच्या आयुष्याला दिशा मिळाली. ती बागांतून, शेतांतून इतर सुरवंट आणून पाळू लागली.

१६६५ मध्ये विवाह झाला, दोन मुली झाल्या. तरी संसार सांभाळून निरीक्षण चालूच राहिले. सुरवंट कोणत्या झाडाची पाने खातो, कात केव्हा टाकतो, कोशात किती दिवस राहतो, याची त्या नोंद ठेवत. कधी कोशातून फुलपाखराऐवजी बारीक माश्या बाहेर पडत. त्याचे कारण तेव्हा उलगडले नव्हते. तरीही जे दिसले ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले. १६७९ मध्ये सुरवंटांवरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. विद्वानांच्या लॅटिनऐवजी तो सामान्य वाचकांच्या जर्मन भाषेत होता. त्यात ५० चित्रे होती. सुरवंट, कोश, फुलपाखरू आणि त्यांची अन्नवनस्पती ही सारी त्यांनी एकाच चित्रात आणली. केवळ पंखांच्या रंगांवरून नव्हे, तर संपूर्ण जीवनक्रमावरून कीटक ओळखावा, ही दृष्टी त्यातून मिळाली.

१६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आपली चित्रे विकून त्यांनी पैसा उभा केला आणि धाकट्या मुलीसह दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीकडे प्रस्थान केले. साखरेखेरीज अन्य कशाचाही शोध घेणाऱ्या या बाईंची तेथील मळेवाले थट्टा करीत. मात्र तेथील मूळ रहिवासी आणि गुलामगिरीत राबणारे आफ्रिकी लोक यांनी त्यांना कीटक आणून दिले, वनस्पतींचे उपयोग सांगितले. या साहाय्याचा उल्लेख त्यांनी आपल्या लेखनात केला; साहाय्यकांची नावे मात्र इतिहासात राहिली नाहीत. उष्ण हवा आणि आजारपण यांमुळे १७०१ मध्ये त्यांना परतावे लागले. १७०५ मध्ये सुरिनामच्या कीटकांवरील ६० चित्रांचा त्यांचा भव्य ग्रंथ ॲम्स्टरडॅममध्ये प्रकाशित झाला.

१३ जानेवारी १७१७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या काही नोंदी पुढे चुकीच्या ठरल्या. परंतु लिनियस या शास्त्रज्ञाने अनेक जातींना शास्त्रीय नावे देताना त्यांच्याच चित्रांचा आधार घेतला. विद्यापीठाचे शिक्षण त्यांना कधीच लाभले नाही. ज्या पानावरील अळी इतरांनी झटकून टाकली, त्या पानापाशी त्या थांबल्या. तेच त्यांचे विद्यापीठ ठरले.